गुळाला मुंगी लागली नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आपाला नाही — आपा म्हणजे माझी थोरली बहीण, आणि माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं असा तिचा समज आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण आज संध्याकाळी पाचच्या आत हे एकदा तरी माझ्या तोंडातून बाहेर पडायला हवं. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. समोर खाटेवर माझा रुमाल आहे, त्याच्या टोकाला ज्वारीचे दाणे बांधलेत. ते कुणी दिले, कशासाठी दिले — येतो, तिथेच येतो. जरा फिरून येऊ द्या.

मी गवंडी आहे. अब्बाही गवंडीच होते. खापरच्या बाजाराला सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो, मग थापी हातात घेतली ती अजून आहे. पण माझी एक खोड आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मला बघायची खोड आहे. बघायची म्हणजे — असं केलं तर काय होतं, ते बघायची. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो ना? त्यात अंडं शिजतं का, हे बघायला मी लहानपणी आपाच्या कोंबडीची चार अंडी घालवली. (शिजतं. पण खाऊ नका.) आपा तेव्हापासून म्हणते, याच्या डोक्यात किडा आहे आणि तो एक दिवस कुणाला तरी चावणार. अहो, चावला ना.

गावाबाहेर नाल्याच्या अलीकडे रंगाचा कारखाना होता. कापड रंगवायची भुकटी तिथे तयार व्हायची. कामगार घरी यायचे ते कोपरापर्यंत पिवळे होऊन, आणि ताटातली भाकरीही पिवळी करायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, उलट पिवळ्या हाताच्या पोराला मुलगी लवकर मिळायची. मग कारखाना बंद पडला. का पडला, ते मालकाला माहीत. यंत्रं भंगारात गेली, पत्रे गेले, राहिल्या त्या भिंती, आणि मागच्या बाजूला सांडपाण्याचा मोठा हौद — तोही कुणीतरी माती ढकलून बुजवलेला. कारखान्याबरोबर गावाचंही पाणी उतरलं. चहाची हॉटेलं बंद, सायकलचं दुकान बंद, निम्मे पुरुष सुरतेला. त्यात मीही. वर्षाचे आठ महिने दुसऱ्यांच्या इमारतींना प्लास्टर करायचं आणि ईदेला घरी येऊन पाहुण्यासारखं बसायचं.

अशात ती जागा पंचायतीकडे आली. सरपंच तेव्हा नाना होते. धोतर, खिशाला दोन पेनं, आणि गावासाठी खरोखर तळमळणारा माणूस — हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजाल आणि मी सुटेन. नानांचा आराखडा साधा होता. पुढे रस्त्याला लागून बाजाराचे ओटे आणि गाळे. मागे घरकुलं, सेगीबाई नावाच्या म्हातारीच्या पाड्यातल्या नऊ कुटुंबांसाठी. हे लोक डोंगरउतारावर दुसऱ्याच्या जमिनीत झोपड्या टाकून राहायचे आणि दरसाल ऊसतोडीला गुजरातेत जायचे. परत येईपर्यंत झोपडी जागेवर असेलच, याची खात्री नसायची. घरं बांधायचं काम माझ्याकडे. आपल्या गावात, आपल्या घरी जेवून! बायकोने त्या दिवशी शेवया केल्या होत्या.

काम सुरू व्हायच्या आधी मी जागा बघायला गेलो. एकटाच. जुन्या भिंती ठोकून बघितल्या, पाया कुठवर जाईल याचा अंदाज घेतला, आणि मागे त्या बुजवलेल्या हौदापाशी भाकरी खायला बसलो. भाकरीबरोबर गुळाचा खडा होता, तो हातातून निसटून मातीत पडला. मी तो तसाच राहू दिला. भाकरी खाल्ली, पाणी प्यायलो, विडी ओढली, जरा आडवा झालो. उठून बघतो — खडा जसाच्या तसा. एकही मुंगी नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? आमच्याकडे या एकदा. गुळाचा खडा जमिनीवर पडला आणि मुंगी आली नाही, असं खानदेशात होत नाही. तिला कोण सांगतं कुणास ठाऊक, पण ती येते. मी उठून सगळी जागा पालथी घातली. मुंगी नाही, वाळवी नाही, गांडुळाची माती नाही, गवताचं पातं नाही. टिकावाने वीतभर उकरलं, तर खाली हिरवट पिवळा थर, ओल्या भिंतीसारखा, आणि नाकात जाऊन बसणारा वास. दुसऱ्या दिवशी मी घरून गूळच घेऊन गेलो. एक खडा फाटकाजवळ ठेवला, एक कडुनिंबाखाली, एक मागे हौदावर. फाटकाजवळच्या खड्याला घटकाभरात मुंग्या लागल्या. कडुनिंबाखालचा तर त्यांनी ओढूनच नेला. मागचा खडा तीन दिवस होता. तिसऱ्या दिवशी तो उन्हाने पाघळून मातीत गेला, पण मुंगी त्याच्याकडे फिरकली नाही.

मला किती आनंद झाला, काय सांगू! भीती नाही वाटली हो. लपवून काय करू — आनंदच झाला. मी आपला थेट नानांकडे गेलो आणि त्यांना ही गंमत सांगितली. गंमत म्हणून. नाना खळखळून हसले. म्हणाले, "मुंग्या नहीत ते बरंच शे ना भो, दाना राखाले सोपं." मीही हसलो. वरून हातभर मुरूम टाकायचाच होता. माती झाकली की झालं, असं सगळ्यांचंच मत होतं. माझंही होतं का? खरं सांगू? मत नव्हतं, प्रश्न होता. झाकल्यावर ती माती काय करते? तशीच राहते, की वर येते? किती दिवसांनी?

आता सेगीबाई. केस पांढरेशुभ्र, हातावर गोंदण, आवाज बारीक, पण पाड्यात तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नाही. नवरा दित्या ऊसतोडीतच गेला. तिने मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, आता नात सुमी तिच्याजवळ असते. घरी त्यांची भिलोरी बोली, माझ्याशी बोलताना अहिराणीत मिसळून बोलते, आणि मला मिस्तरीभाऊ म्हणते. जागा मिळणार म्हटल्यावर सगळा पाडा खूश, पण ही म्हणाली, आधी जमिनीला विचारते.

विचारायचं ते असं. सगळे पाडे करतात असं नाही, पण तिच्या घराण्यात करतात. घर बांधायच्या जागेवर दिवस मावळताना पाच ठिकाणी ज्वारीचे सात-सात दाणे एकाला एक लावून ठेवायचे. वर टोपली पालथी घालायची, म्हणजे कोंबडी-चिमणी नको, आणि टोपलीवर दगड. सकाळी काही खायच्या आधी टोपली उचलायची. दाणा हलला असेल, तर खाली कुणाची तरी वस्ती आहे, त्याला आपण नको आहोत. हात जोडायचे आणि दुसरी जागा बघायची. दाणे जसेच्या तसे असतील, तर जागा मोकळी आहे. खाली कुणी नाही.

खाली कुणी नाही! तुमच्या आलं ना लक्षात? माझ्याही आलं होतं.

इथवर आलो की मी नेहमी थांबतो. म्हणजे मनातल्या मनात सांगताना. कारण इथवर मी फक्त गप्प बसलेला माणूस आहे, आणि गप्प बसणारे आपण सगळेच असतो, नाही का? गावात मला कुणी विचारलं असतं तर मीही एवढंच कबूल केलं असतं — की मला मुंग्यांचं माहीत होतं आणि मी सेगीबाईला ते सांगितलं नाही. पण ते अर्धंच आहे. सोपं अर्धं.

झालं असं, की सेगीबाई दाणे पुढे, फाटकाजवळ ठेवणार होती. तिला तीच जागा आवडली होती. कडुनिंबाची सावली होती, पाण्याचा नळ जवळ पडत होता. आणि नानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढची जागा गाळ्यांसाठी होती. शिवाय तिथे मुंग्या होत्या — दाणे हलणार, बाई नको म्हणणार, आणि मग सगळा पाडा उठून जाणार. नाना पंचायतीच्या कचेरीबाहेर कपाळाला हात लावून बसले होते. "ती बाई मांगे फिरनी ते आख्खा पाडा मांगे फिरी जाई, मिस्तरी," म्हणाले. घरकुलं गेली तर सगळा आराखडाच बारगळणार होता.

तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. चहाची बशी हातात होती, एक पाय बाकड्यावर होता, आणि मी म्हणालो — "नाना, त्यांना दाणे मागे ठेवायला सांगा. हौदावर. तिथे दाणा हलणार नाही."

ही कल्पना माझी. नानांची नव्हे, सरकारची नव्हे, कारखान्याच्या मालकाचीही नव्हे. नानांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना गूळ आठवला, आणि ते हळूच म्हणाले, "डोकं शे रे तुन्हं." आणि मी — अहो, मी खूश झालो! मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. एका बाईने जमिनीला विचारायचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी आधीच चोरून वाचलेलं. घरी राहायला मिळावं म्हणून केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तेही होतंच. पण त्या क्षणी सुरत माझ्या डोक्यात नव्हती. मला बघायचं होतं, माझं खरं ठरतं का.

घरं मागेच होणार, तेव्हा दाणेही मागेच ठेवा, असं नानांनी तिला सांगितलं. संध्याकाळी मी स्वतः सेगीबाईबरोबर मागे गेलो. टोपलीवर ठेवायला दगड मीच उचलून दिला. सकाळी सगळा पाडा जमला, पोरंटोरं, म्हाताऱ्या. मी चहासुद्धा न घेता गेलो होतो. तिने टोपल्या एकेक करून उचलल्या. पहिलीखाली सात. दुसरीखाली सात. पाचवीपर्यंत मी श्वास धरून मोजत होतो, आणि प्रत्येक टोपलीला माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या. पस्तीसच्या पस्तीस दाणे.

सेगीबाईने माझ्याकडे बघितलं. इतक्या माणसांत नेमकं माझ्याकडेच. कारण मी घरं बांधणारा, मला मातीतलं कळतं, असं तिला वाटायचं. "मिस्तरीभाऊ, दाना हालना नही. जागा चांगली शे ना?"

मी म्हणालो, "चांगली शे."

तिने वाकून मातीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पिवळट ठिपका उमटला होता कपाळावर. तो मी अजून विसरलो नाही.

मुरूम पडला, नऊ घरं उभी राहिली. मी ती मनापासून बांधली, हेही खरं. ओळंबा लावून बघा, एक भिंत वाकडी सापडणार नाही. पुढच्या गाळ्यांत दुकानं आली, बाजार भरायला लागला, हॉटेल उघडलं. लोक म्हणतात, गाव सावरलं. सावरलंच. आणि मागे पहिल्याच पावसाळ्यानंतर सेगीबाईच्या भिंतीला खालून पिवळं फुटलं. गुडघ्याएवढं. मी खरवडून पुन्हा प्लास्टर केलं, पुढच्या वर्षी पुन्हा फुटलं. म्हणजे माती वर येते. एवढं उत्तर मला मिळालं. तिने लावलेला शेवगा वाळला, भोपळ्याची वेल हातभर होऊन मान टाकायची. सुमी अनवाणी अंगणात खेळायची, तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चट्टे उठले, ते सुकतात आणि पुन्हा येतात. डॉक्टरने मलम दिलं आणि कशाने होतंय म्हणून विचारलं. सेगीबाई म्हणाली, माहीत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

पण ती शोधत होती. इथे माझी खरी शिक्षा आहे, जर तिला शिक्षा म्हणायचं असेल तर. मी दरवर्षी प्लास्टर करायला जातो, ती ओट्यावर बसते आणि त्या संध्याकाळचा तपास काढते. दाणे कुठल्या कणगीतले होते? त्या कणगीतून कुणाच्या दिवसकार्याला धान्य दिलं होतं का? तिला मोजताना शिंक आली होती का? डाव्या हाताने ठेवले का? एका वर्षी तिला आठवलं की जाताना वाटेत ती कुणाशी तरी भांडली होती. दुसऱ्या वर्षी म्हणाली, सात नाही, बहुतेक आठ ठेवले एका ठिकाणी. इतकं बारीक, इतकं चिकाटीने! माझ्यासारखीच आहे हो ती. तिच्याही डोक्यात किडा आहे. फक्त तिला जे हवंय ते माझ्याकडे आहे, आणि मी तिच्या भिंतीला थापी मारत "हो का" म्हणतो.

आणि काम झालं की जाता जाता मी घरामागे, मुरूम संपतो तिथे, गुळाचा खडा टाकतो. दरवर्षी. मुंग्या परत आल्यात का, ते बघायला. अजून आलेल्या नाहीत.

आता रुमालावर येतो.

सेगीबाईच्या घराशेजारी हौदाचा उरलेला तुकडा मोकळा आहे. तिथे अंगणवाडी बांधायची ठरली आहे. नाना आता थकले, नवीन सरपंच त्यांची सून, भली पोरगी. पाड्यातल्या बायका म्हणाल्या, आधी दाणे ठेवू, मग पोरं पाठवू. सगळ्या सेगीबाईकडे गेल्या. तिने ठेवायला नकार दिला. आज सकाळी ती माझ्या दारात आली, चालत, काठी टेकत. पदराची गाठ सोडली आणि दाणे माझ्या हातावर ओतले. पस्तीस. मोजून आणलेले.

"मन्हा हात खराब शे, भाऊ. मन्हा हातना दाना खोटा बोलस. तू ठेव. तुन्हा हात चांगला शे, तुन्ह्या भिंती सरळ ऱ्हातस."

आणि गेली. मी दारात उभा राहिलो, हातात दाणे. बायकोने विचारलं, काय दिलं त्यांनी? मी म्हणालो, ज्वारी.

म्हणजे इतकी वर्षं ती जमिनीला दोष देत नव्हती. नानांना नाही, मला तर नाहीच. स्वतःच्या हाताला देत होती. दित्या गेला तेव्हा ज्या हाताने सगळं ओढलं, त्या हाताला. सुमीच्या पायाला मलम लावतानासुद्धा ती त्या हाताकडे बघत असेल का? मला आत्ता हे विचारावंसं वाटतंय, आणि विचारायचा मला काही हक्क नाही.

पाच वाजता सगळ्या बायका तिथे जमतील. दाणे मी ठेवले तर सकाळी काय दिसेल, ते मला माहीत आहे. तिला माझा हात चांगला वाटेल आणि महिन्याभरात तिथे पोरं बसलेली असतील.

म्हणून मी दाणे ठेवणार नाही. गुळाचा खडा घेऊन जाणार आहे, दोन खडे — एक फाटकाजवळ, एक तिथे. बायकांना तासभर बसवणार आहे. बघा म्हणणार आहे. पुढे काय होईल — नऊ घरांचं, अंगणवाडीचं, माझ्या गावातल्या कामाचं — ते मला ठाऊक नाही. आणि ते बघायला मला आवडेल असं म्हणालो, तर तुम्ही मला चपलेने माराल. मारा.

माफी मागणार नाही. मागितली तर ती देईल, तशीच आहे ती, आणि मग तेही मी तिच्याकडून घेतलेलं होईल. फक्त गुळाच्याही आधी, टोपलीच्याही आधी, सगळ्यांसमोर एक वाक्य म्हणायचं आहे. सकाळपासून ते जुळवतोय. लांबलचक झालं होतं, नाना होते त्यात, सुरत होती, आमच्या घरच्या शेवयासुद्धा होत्या. एकेक काढून टाकलं. आता एवढंच उरलंय —

"सेगीबाई, तुन्हा हात खराब नही. माले माहीत व्हतं."